अक्षर जरा मोठं हवं

घरात सगळे जिला धाकटी म्हणत, तिने कॉलेजकडे केलेल्या अर्जात मागितलं होतं ते एवढंच, की सांख्यिकीची प्रश्नपत्रिका अठरा पॉइंटच्या अक्षरात मिळावी. सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला होता. तेवढं अक्षर नाकासमोर वीतभर अंतरावर धरलं की तिला स्वच्छ दिसायचं. नेहमीच्या बारीक टायपात मात्र 3 आणि 8 तिला जुळे भाऊ वाटत, आणि सांख्यिकीत एकदा तिनाचे आठ झाले की पुढे सगळा आनंदच. अशी ती दोनदा नापास झाली होती. आता ही शेवटची संधी. हुकली की वर्ष गेलं.

कॉलेजने तिला नाही म्हटलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिथे सगळी माणसं भली होती. जो घोळ झाला तो त्या भलेपणानेच.

पहिल्या टेबलावर कारकूनबाई. गेल्या वेळी त्यांनीच पेपर झेरॉक्सवर मोठा करून दिला होता आणि प्रत्येक ओळीची शेपटी कागदाबाहेर राहिली होती. त्यावरून बोलणी खाल्लेली. पुन्हा ती नकोत म्हणून त्यांनी अठराचे छत्तीस केले. बाई नेहमी कमीच लिहितात अशी हेडक्लार्कची पक्की समजूत, त्यांनी बहात्तर केले. परीक्षा विभागाने मागाहून तक्रार नको म्हणून दुप्पट केले. उपप्राचार्यांना मुलीचा मनापासून कळवळा आला, म्हणून त्यांनीही दुप्पट. प्राचार्यांना पॉइंट म्हणजे काय हे मुळीच ठाऊक नव्हतं, पण खालच्या सगळ्यांनी काहीतरी दिलंय आणि आपण नुसती सही करायची, हे काही त्यांना बरं दिसेना. त्यांनी आकडा पाचशे शहात्तरवर नेला आणि वर 'परीक्षेसंबंधीच्या सर्व कागदांस लागू' असा शेरा मारला.

पाचशे शहात्तर पॉइंट म्हणजे आठ इंच. एक अक्षर वीतभर.

कॉलेजच्या प्रिंटरने हात टेकले, तेव्हा काम दुकानांच्या पाट्या छापणाऱ्याकडे गेलं. पेपर फुटू नये म्हणून हेडक्लार्क त्याच्या दुकानात दिवसभर स्टूल टाकून बसले. पाटीवाल्याने सगळा पेपर वाचला, डोकं खाजवलं आणि हे गिऱ्हाइकाला समजेल का, असं विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, तो तुमचा प्रश्न नाही.

परीक्षेच्या सकाळी दोन शिपाई खांद्यावर गुंडाळ्या घेऊन आले. वर्गात पहिला प्रश्नसुद्धा मावेना, दुसरा जिन्यात गेला. शेवटी बॅडमिंटनचा हॉल उघडला. जाळी काढली, पट्ट्या एकाखाली एक अंथरल्या आणि अख्खं कोर्ट पेपराने भरून गेलं. पर्यवेक्षक म्हणून आलेले सर स्वभावाने भित्रे. खिशात नियमांची पुस्तिका आणि पायात मोजे, कारण प्रश्नपत्रिकेवर बुटाचा डाग पडला तर जबाबदार कोण? धाकटीही चपला काढून आत गेली आणि चारी बाजूंना बघत उभी राहिली.

"सर, मी बहुतेक सरासरीच्या 'स'वर उभी आहे," ती म्हणाली. "पुढचं काय आहे ते कळत नाही."

सरांनी वर गॅलरीकडे बोट दाखवलं. धाकटी उत्तरपत्रिका काखोटीला मारून जिना चढली, खुर्चीत बसली आणि खाली बघतच राहिली. सर मोज्यांवर घसरत गॅलरीखाली आले.

"दिसत नाही का गं?"

"दिसतंय. सर, सगळं दिसतंय. मान न वाकवता."

जन्मापासून तिने जे काही वाचलं ते नाक टेकवून. आज ती पाठ टेकून, पाय पसरून, वीस फुटांवरचं वाचत होती. तिला इतका आनंद झाला की दुसरा प्रश्न अवघड आहे हेसुद्धा तिला आवडलं. भराभर लिहीत ती शेवटच्या, पाचव्या प्रश्नापर्यंत आली. खाली दिलेल्या आकड्यांची सरासरी काढा. तिथे मात्र ती अडकली.

"सर, आकड्यांच्या तक्त्याखाली आणखी दहा आकडे आहेत. तेही धरायचे का?"

सर त्या टोकाला गेले. पाटीवाल्याने सवयीने तळाशी आपला फोन नंबर छापला होता. सरांनी खिशातली पुस्तिका काढली. पुस्तिकेत स्पष्ट होतं की प्रश्नपत्रिकेतल्या मजकुराबद्दल पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याशी अवाक्षर बोलू नये. बोलावं तर नोकरीवर गदा, न बोलावं तर पोरीचं वर्ष पाटीवाल्याच्या फोन नंबरात जाणार. सरांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता ते त्या नंबरावर आडवे झाले. उंचीने बरोबर पुरले. फक्त शेवटचं शून्य डोक्याकडून बाहेर राहत होतं, त्यावर त्यांनी पुस्तिका ठेवली.

गॅलरीतून खुदकन आवाज आला आणि मग पेन चालू लागलं.

नेमके तेव्हाच प्राचार्य फेरीवर आले. पर्यवेक्षक परीक्षेत झोपलेले त्यांनी पाहिले होते, पण पेपरावर नाही.

"काय करताय?"

"पर्यवेक्षण," सर पडल्या पडल्या म्हणाले. "अजून चाळीस मिनिटं उठता येणार नाही."

प्राचार्यांनी वर पाहिलं, मुलगी मन लावून लिहीत होती. ते चवड्यांवर बाहेर गेले आणि दार हळूच ओढून घेतलं.

महिन्याने निकाल लागला. बाकीच्यांचा फळ्यावर, मुंगीच्या अक्षरात. धाकटीचा मात्र शेऱ्याप्रमाणे तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलेला. समोरच्या फुटपाथवर माणसं माना वर करून उभी होती, बसचा ड्रायव्हर सिग्नल सुटला तरी वाचत होता. आईचा हात धरून धाकटी कोपऱ्यावर आली. तिचे दोन्ही निकाल आजवर आईनेच वाचून सांगितले होते, आणि दोन्ही वेळा 'नापास' म्हणायच्या आधी आई उगाच खोकली होती.

आईने वर पाहिलं. या वेळी ती खोकली नाही. मग तिने पदर डोळ्यांना लावला.

"मला मेलं काही दिसेनासंच झालंय," आई म्हणाली. "तूच वाच गं."

धाकटीने आईच्या खांद्यावर हात टाकला आणि तिला सगळं सावकाश वाचून दाखवलं. सांख्यिकी, एकसष्ट, उत्तीर्ण.