पायाला काम नसलेलं विमान

रणधीरनं बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबातलं सत्तर वर्षं जुनं, दोन माणसांचं विमान ट्रकवर घालून उमरग्याजवळच्या आपल्या रानात आणलं, तेव्हा ते बघायला महालिंगप्पांना बोलावणं भागच होतं. आप्पा हवाई दलात बावीस वर्षं फिटर होते. गावात त्यांच्या शब्दावर विमानं उडत.

आप्पांनी आत डोकं घातलं आणि नाक मुरडलं.

"शेपूट वळवायचे पेडल कुठायत?"

"न्हाईत, आप्पा. ह्याचं सगळं स्टेअरिंगवर. जीपवानी फिरवायचं, शेपूट आन् पुढचं चाक संगंच वळतंय. खाली ब्रेकचं एकच पेडल."

"मग ह्याला विमान कशाला म्हणतो? पंखाचं टमटम म्हण!"

जमलेलं गाव खिदळलं. रणधीरची बायको आरोही तेवढी हसली नाही.

"उडवायची परवानगी न्हाय, आप्पा. पर तुम्ही रानात नुसतं चालवून दावा की," ती म्हणाली.

झाली पंचाईत! बावीस वर्षांत आप्पांनी चालतं विमान कधी हाताळलंच नव्हतं. पण ते गावाला कशाला सांगतील? ऐटीत चढले. इंजिन धडधडलं, विमान पडीक रानातून पळू लागलं. समोर कडब्याची गंजी आली. जमिनीवर विमान पायानं वळतं, हे आप्पांचं पाठांतर. त्यांनी स्टेअरिंग घट्ट सरळ धरलं आणि डावा पाय दाबला. खाली नुसता पत्रा. आणखी जोरात दाबला. सिदू मेंढक्याची मेंढरं उधळली, मेंढरांमागं सिदू.

"स्टेअरिंग फिरवा, आप्पा!" रणधीर बोंबलला.

"मला शिकवतो व्हय रं?" असं गरजत आप्पा गंजीत शिरले. पंख्यानं कडबा कापला, गावावर उधळला आणि मग जीव सोडला.

"बनावटच खोटी," मिशीतला कडबा काढत आप्पा खाली उतरले. "पायाला काम न्हाय, ते कसलं विमान?"

गड्यांनी विमान मागं ओढलं. आरोही आत बसली, इंजिन चालू केलं, जीपसारखं स्टेअरिंग फिरवत विहिरीला वळसा घालून आली आणि गर्दीसमोर अलगद थांबली.

"कोण येतंय?"

कुणी हललं नाही. मग पदर खोचत बानूबाई पुढं झाल्या. आप्पांच्या पत्नी. लग्नापासून रोज जेवताना विमानं ऐकलेल्या.

"बानू, ते खरं विमान न्हाय!"

"तुमच्या खऱ्यात कवा बसवलंत मला?" त्या आरोहीशेजारी ऐसपैस बसल्या. "सरका वाटंतनं."

आप्पा सरकले.