उघड्या दारावर टकटक

आमच्या स्वयंपाकघराचं दार लावलेलं अजून कुणी पाहिलेलं नाही. तरी आमची सानिका त्या उघड्या दारावर टकटक करते. मी तिला दिसतेय, ती मला दिसतेय, मध्ये चार पावलं. तरी टक टक टक.

"आजी, आत येऊ का?"

"अगं, तुझ्या बापाचंच घर आहे!"

"ते अ‍ॅन्सर नाही आजी. हो की नाही?" आणि बाई तिथेच उभ्या. इकडे माझी पोळी करपते.

सानिका माझी नात. वय सतरा, जन्म इथलाच, नॉटिंगहॅमचा. सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला म्हणा, तिने हेल्थ अँड सोशल केअर घेतलं. आजारी, म्हाताऱ्या माणसांची काळजी कशी घ्यायची ते शिकायचं. मी म्हटलं, त्याला कॉलेज कशाला हवं? संसार केलेल्या कुठल्याही बाईला ते येतं. तेवढं एक वाक्य बोलले आणि तेव्हापासून ती मला शिकवतेय.

कुणासाठी काहीही करायच्या आधी म्हणे विचारायचं. विचारलं की मनात दहा आकडे मोजून थांबायचं, कारण उत्तर द्यायला कुणाकुणाला वेळ लागतो. मला नाही हो लागत! मी तिसऱ्या आकड्याला उत्तर देऊन मोकळी होते, पण ही दहापर्यंत जातेच. ओठ हलताना दिसतात ना मला.

चहा मागावा तर, "ब्लू कप की व्हाइट कप?"

"धुतलेला असेल तो दे गं!"

"नो आजी, चॉइस इज युअर राइट."

एकदा विचारलं, आई कुठे गेली? तर म्हणे, "सॉरी आजी, कॉन्फिडेन्शियल." आई कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर आणायला गेली होती. फ्रिजवर तिने माझा केअर प्लॅन लावलाय. त्यात 'आवडतं' पुढे 'बोलणं' आणि 'आवडत नाही' पुढे 'दुसऱ्याने बोलणं'. पाहुण्यांसमोर उभी राहून तो मी पाठीने झाकते.

मग यंदा तिचं प्लेसमेंट सुरू झालं. आठवड्यातून दोन दिवस एका केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, काम करायचं. ते तास भरले नाहीत तर कोर्स पुरा होत नाही. आणि एका बुधवारी ही पोरगी टकटक न करता आत आली. मीच दचकले. खुर्चीत बसली, अंगात कोट तसाच.

"मॅनेजर म्हणाली, यू आर लव्हली, बट टू स्लो. मी एकाला भरवते तोपर्यंत बाकीचे तिघांना भरवतात. फ्रायडेला ती माझा काम बघणार. फास्ट नाही केला तर प्लेसमेंट बंद."

खरं सांगते, मला वाईट वाटायच्या आधी बरंच वाटलं. आता माझी पाळी! म्हटलं, "ऊठ. मी पेशंट. हा कार्डिगन मला घाल बघू."

"आजी, कार्डिगन घालू का?" आणि ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन...

"अगं, विचारतेस काय! हात धर, बाही ओढ, झालं! तुझ्या आजोबांचं दोन वर्षं सगळं मी केलं. एकदा तरी विचारलं? सातला अंघोळ, आठला खिमट, डोक्याला कानटोपी आणि नऊला खुर्ची खिडकीत. घड्याळ लावून घ्यावं असं काम!"

स्ट्रोकनंतर यांची वाचा गेली होती, हातही उचलत नव्हते. सानिका तेव्हा अकरा वर्षांची. शाळेतून आली की त्यांच्याशेजारी बसायची.

आता ती बाही हातात धरून उभी राहिली. "आजी, आजोबांना ती टोपी नव्हती आवडत."

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी विचारलं, टोपी काढू? हो असेल तर डोळे दोनदा मिटा. पहिल्यांदा त्यांना खूप वेळ लागला. मी दहापर्यंत मोजलं, मग त्यांनी मिटले."

म्हणजे ते दहा आकडे कॉलेजचे नव्हतेच.

रोज चार वाजता मी चहा घेऊन जायचे, तेव्हा टोपी यांच्या मांडीवर पडलेली असायची. "परत सुटली वाटतं? गार वारा लागेल ना!" म्हणत मी ती पुन्हा चढवून हनुवटीखाली घट्ट बांधायचे. तेव्हा ती दोघं एकमेकांकडे का बघायची, ते आता कळलं.

"मला का नाही गं सांगितलंस?"

"विचारलं होतं त्यांना, आजीला सांगू का? त्यांनी एकदाच मिटले. एकदा म्हणजे नको." ती थांबली. "आज सांगितलं, कारण तू मला तसंच करायला शिकवतेस."

मी तिच्या हातातून कार्डिगन घेऊन त्याची घडी घातली. तेवढंच सुचलं.

शुक्रवारी दारात तिला म्हटलं, "दहापर्यंत मोज. मॅनेजर समोर असली तरी."

संध्याकाळी टक टक टक. "ये गं बाई, ये!"

तिने सांगितलं, चार नंबरच्या खोलीतल्या एक आजी सगळ्यांचा चमचा ढकलून देतात. नाव विचारलं तर अर्थातच कॉन्फिडेन्शियल. त्यांनी सानिकाच्या हातून वाटीभर सूप प्यायलं. पाऊण तास लागला. मॅनेजर घड्याळ बघत उभी. शेवटी आजीच तिला म्हणाल्या, "यापुढे हीच. ही थांबते." प्लेसमेंट राहिलं. फॉर्मवर मात्र मॅनेजरने 'स्लो' लिहिलंच.

यांचा फोटो मी रोज सकाळी फडकं घेऊन फटाफट पुसते. दुसऱ्या दिवशी फडकं वर नेलं आणि हात थांबला. म्हटलं, "पुसू का हो?" आणि मोजायला लागले.

सातपर्यंत आले असेन, तोच मागे उघड्या दारावर टकटक. "आजी, आत येऊ का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "अजून तीन राहिलेत."