टोरांटो वजा झोप

आमच्या नेरचे हबीबभाई प्रवासातला झोपेचा वेळ मोजत नाहीत. पुण्याला जाऊन आले की सांगतात, दीड तासात पोचलो. बाकीची रात्र ते ट्रॅव्हल्सच्या गाडीत घोरत असतात, आणि घोरणं हा त्यांच्या मते प्रवास नव्हे. जेवणाचा वेळही ते वजा करतात. "जेवतो तर मी घरीबी," हे त्यावरचं ठरलेलं उत्तर.

त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान माझ्या घराला लागून आहे, त्यामुळे हा हिशेब मला रोज ऐकावा लागतो. मी शाळेत भूगोल शिकवतो, हे त्यांच्या खिजगणतीतही नाही.

मुलगी शबाना लग्न होऊन टोरांटोला गेली, तेव्हापासून हा नाद लागला. मी सांगितलं होतं, दिल्लीहून साडेअकरा हजार किलोमीटर, विमानात पंधरा तास. हबीबभाईंनी त्यातून आठ तास झोपेचे काढले, दोन जेवणाचे, एक नमाजचा. उरले चार.

"म्हणजे आपलं नागपूरच झालं ना, गुरुजी. यष्टीनं तेवढाच टाइम लागते."

हे सगळं त्यांच्या बायकोला, सलमाभाभींना, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं चालायचं. शबानाला मुलगी झाली होती. दोघांचे पासपोर्ट, व्हिसा तयार होते, पण एवढ्या दूर जायचं नाही म्हणून भाभी हटून बसल्या होत्या. मोबाइलवर नातीला पाहायच्या आणि डोळे पुसायच्या. शेवटी हबीबभाई एकटेच निघाले. जाऊन दाखवतो, म्हणाले, मग तिचा विश्वास बसेल.

आणि गडी खरंच जाऊन आला! बसस्टँडवर आम्ही हार घेऊन उभे होतो. दुकानासमोर खुर्च्या मांडल्या, अर्धं नेर जमलं. हबीबभाईंनी सांगितलं, दिल्लीहून मध्यरात्रीनंतर निघालो, टोरांटोला उतरलो तर त्याच दिवसाची सकाळ. घड्याळात जेमतेम पाच तास. तिथलं घड्याळ मागे असतं हे सांगायला मी तोंड उघडलं, तर लोकांनी मलाच खाली बसवलं. भूगोलाचा असा जाहीर पराभव मी पाहिला नव्हता, पण खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला.

गर्दी पांगल्यावर भाभी चहा घेऊन आल्या. मी आपलं डिवचायला म्हणून विचारलं, येतानाही झोप-जेवण वजा जाता चारच तास लागले का?

हबीबभाईंनी उचललेला कप खाली ठेवला.

"येताना झोपच नाही लागली, गुरुजी. जेवणाचं ताट तसंच वापस गेलं. एअरपोर्टवर पोरगी काचेमागं उभी होती, तेच दिसून राह्यलं होतं. मंग वजा काय करू? पुरे पंधरा तास लागले."

इतक्या वर्षांचा हिशेब त्यांनी स्वतःच मोडला, तोही भाभींच्या देखत. मला वाईट वाटलं. आता भाभी कसल्या जातात?

भाभींनी ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"पुढच्या खेपेले मी येईन संगं," त्या म्हणाल्या. "येताना बोलत बसू. तेवढं वजा करा."

हबीबभाई चहा विसरून बोटं मोजायला लागले.