थोरलीच्या तीन बेल

धाकटीने फक्त "चालेल" म्हटलं, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दातून उभं राहिलं.

तसा तिचा तो शब्द घरात कुणी फारसा मनावर घेत नसे. लग्न होऊन आल्यापासून ती सगळ्यालाच "चालेल" म्हणत होती. चहात साखर कमी पडली? चालेल. खोलीला पिवळा रंग देऊ? चालेल. (पिवळा रंग तिला डोळ्यांसमोर नको असे. पण नव्या नवरीने आल्या आल्या रंगावरून रण माजवू नये, एवढं शहाणपण तिला होतं.) ती बोलायची कमी आणि बघायची फार. आणि त्या घरात बघण्यासारखं पुष्कळ होतं.

"धाकटी" हे नावही तिला कुणी दिलं नव्हतं. ते तिनेच मनातल्या मनात स्वतःला दिलं होतं. कारण सामानाची पेटी उघडायच्या आतच तिच्या लक्षात आलं, की या घरात एक थोरली आधीपासून नांदते आहे. थोरली लाल रंगाची होती, दुमजली होती, नवऱ्याहून वयाने मोठी होती आणि डेपोमागच्या शेडमध्ये राहत होती.

नवरा विमा कचेरीत कारकून होता. पण ते आपलं पोटापुरतं. जीव सगळा त्या जुन्या डबल डेकरमध्ये. कचेरी सुटली की तो आणि त्याचं मंडळ शेडमध्ये शिरायचं, ते जेवायच्या वेळेला नखशिखांत काळं होऊन बाहेर पडायचं. मंडळात एक दातांचे डॉक्टर होते. ते दात कोरायच्या हत्यारांनी खिडक्यांच्या खाचांतला गंज कोरायचे. एक शिंपी होता. त्याने सीटची मापं घेऊन नवं रेक्झिन शिवलं होतं आणि प्रत्येक सीटला "छातीत जरा सैल ठेवलंय" असं सांगितलं होतं.

शेडमध्ये न मावणारं सगळं घरी यायचं. धाकटीच्या आरशापुढे पावडरच्या डब्याशेजारी रेडिएटरचं झाकण असे. पलंगाखाली हेडलाइट. गाडीच्या कपाळावर फिरते ती ठिकाणांच्या नावांची कापडी पट्टी धुऊन वाळत म्हणून खिडकीत टांगली होती; ती तिथेच पडदा होऊन राहिली. रोज सकाळी डोळे उघडले की नवरीला पहिली अक्षरं दिसायची ती, "फक्त डेपोपर्यंत".

नवरा कशावर फारच खूश झाला, तर एकच शब्द बोलायचा: ओरिजिनल. तो शब्द त्याने हॉर्नच्या रबरी फुग्याला वापरला होता, जिन्याच्या कठड्याला वापरला होता, एकदा तर एका वाकड्या स्क्रूला वापरला होता. धाकटीला अजून वापरला नव्हता. (ती वाट बघत होती असं नाही. पण कान असतात माणसाला.)

तर त्या दिवशी नवरा पानावर बसला तोच तोंड पाडून.

"डॉक्टरांचा दात सुजलाय."

"त्यांचाच?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांचाच. गाल असा झालाय. दुसऱ्या डॉक्टरकडे जात नाहीत. म्हणतात, मी त्या लोकांना ओळखतो."

"मग रविवारी कंडक्टर कोण?" सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

प्रश्न साधा नव्हता. डेपोवाले ती शेड पाडणार होते. थोरलीला ठेवायची की तोडून भंगारात घालायची, हे डेपोचे मोठे साहेब रविवारी ठरवणार होते. साहेब तोंडावर बोलणारे होते. "रंगरंगोटी केलेली म्हातारी मला नको," असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं. "काचेच्या कपाटात ठेवायला बाहुल्या पुष्कळ आहेत. गाडी ही गाडी वाटली पाहिजे. मी वाचनालयासमोरच्या स्टॉपवर साध्या उतारूसारखा उभा राहीन. मला घ्या, फिरवून आणा. वाटली, तर दर रविवारी रस्त्यावर काढू. नाही वाटली, तर सोमवारी कटर येईल."

सोमवारच्या त्या कटरने नवऱ्याची झोप उडाली होती. तो झोपेत कुशीवर वळला तरी आधी हाताने इंडिकेटर दाखवतो, असं धाकटीला वाटायला लागलं होतं.

"मी वर पाहुण्यांना माहिती सांगणार," नवरा म्हणाला. "बाबा केबिनमध्ये. आई..."

"मला त्या खाकी कोटात कोंबायचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

मग तिन्ही माना हळूहळू वळल्या. धाकटी भाजी वाढत होती.

"तू करशील का गं?"

"चालेल," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. शिकवायला सासरे. त्यांनी ड्रायव्हरची सगळी नोकरी याच थोरलीवर काढलेली. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या दोन रांगांत लागल्या, सासूबाई उतारू झाल्या आणि कपडे वाळत घालायची दोरी झाली बेलची दोरी.

"नीट ऐक, सूनबाई. ड्रायव्हरची केबिन वेगळी असते. मध्ये काच. मला मागचं दिसत नाही, ऐकू येत नाही. मला फक्त बेल कळते. एक बेल म्हणजे पुढच्या स्टॉपला थांबा. दोन म्हणजे चला. तीन म्हणजे गाडी भरली, स्टॉपवर कुणी का असेना, थांबायचं नाही. चार म्हणजे आग."

"आणि पाच?" सासूबाईंनी मागच्या खुर्चीवरून विचारलं.

"पाच नसतात."

"विचारून ठेवलेलं बरं."

"बेल म्हणजे बेल," सासरे म्हणाले. "एकदा कंडक्टर चहाला उतरला आणि तिथेच गप्पा मारत बसला. मी डबल बेलशिवाय गाडी हलवली नाही. मागे हत्तीएवढी रांग लागली. पोलीस आला. त्याला म्हटलं, बेल आणा."

"यांचं कौतुक मला नका सांगू," सासूबाई धाकटीकडे वळून म्हणाल्या. "मी याच गाडीने कामावर जायचे. लग्न झालं, तरी स्टॉपवर बायको उभी दिसते म्हणून ह्यांनी एकदाही ब्रेक लावला नाही. तीन बेल झालेल्या असायच्या म्हणे. मी धावत दांडा धरायला जावं, तर तो मेला कंडक्टर म्हणणार, मागून गाडी येतेय, तिने या."

"तेच सांगत होतो," सासरे खुलले. "चालत्या गाडीत कुणी चढायला लागलं, तर वाद घालायचा नाही. 'मागून गाडी येतेय, तिने या.' बस. बोल बघू."

"मागून गाडी येतेय," धाकटी म्हणाली. कपाटामागच्या उंदरानेही ते जरा मोठ्याने म्हटलं असतं.

"पण बाबा, खरंच मागून येत असते का?" तिने विचारलं.

"ते आपल्याला काय माहीत? आपण पुढे बघायचं."

रविवार उजाडला. शिंप्याने डॉक्टरांसाठीचा खाकी कोट धाकटीच्या मापाचा केला होता, पण टोपीला टाके घालता येत नाहीत, त्यामुळे ती भुवयांवर टेकत होती. गळ्यात तिकिटांची चामडी पिशवी. शेडचं दार उघडलं, सासऱ्यांनी स्टार्टर मारला, थोरली आधी खोकली, मग गुरगुरली, मग नखशिखांत थरथरली. तिच्याबरोबर शिंपी थरथरला, नवरा थरथरला आणि धाकटीची टोपी नाकापर्यंत उतरली. आतापर्यंत ती या बाईकडे सवत म्हणून बघत आली होती. पण मागच्या उघड्या फळीवर उभं राहून, पितळी दांडा धरून, तिने डोक्यावरची दोरी दोनदा ओढली, टिंग टिंग, आणि तेवढ्याने ते दुमजली घर चालायला लागलं, तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं की नवरा संध्याकाळचा घरी का येत नाही.

लोक थांबून बघत होते. खिडक्या उघडत होत्या. एक म्हातारा हातातली पिशवी खाली ठेवून चक्क टाळ्या वाजवत होता. सासूबाई खालच्या मजल्यावर, नव्या साडीत, अगदी पहिल्या सीटवर.

वळण घेतलं आणि वाचनालय दिसलं. स्टॉपवर साहेब. एकटे, हातात छत्री, साध्या उतारूसारखे.

धाकटीने एक बेल मारली. टिंग.

वरच्या मजल्यावर नवऱ्यालाही साहेब दिसले. त्याच्या मनात आलं, हिच्या हातून कसली वाजतेय. ही तर घरात ताट ठेवते तेही आवाज न करता. त्याने वरच्या मजल्यावरचं बेलचं बटण दाबलं. टिंग.

आणि साहेब आले म्हणून पदर सावरायला सासूबाई उठल्या. गाडी हलत होती. त्यांनी आधाराला हाताशी आलं ते धरलं. हाताशी दोरी आली. टिंग.

केबिनमध्ये सासऱ्यांनी तीन बेल ऐकल्या.

साहेबांनी हात केला. सासऱ्यांना ते दिसले, चांगले दिसले. कारण त्यांनी केबिनमधून रीतसर सलाम ठोकला. मग गिअर बदलला आणि साहेबांच्या अंगावर धुराचा एक लोट सोडून थोरली पुढे निघून गेली.

नवरा जिन्यावरून धडधडत खाली आला. "मी एकच मारली होती."

"तुम्ही मारलीत?"

"तू मारणार नाहीस असं वाटलं."

"मी मारली."

दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजून दोरीला लोंबकळत होत्या.

"मी मारली नाही," त्या म्हणाल्या. "मी धरली."

"आता एक मारा आणि थांबवा," शिंपी वरून ओरडला.

"कशी मारू?" नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. "तीन झाल्यात. अजून एक म्हणजे चार. चार म्हणजे आग."

"मग?"

"जरा थांबू. बाबा विसरले की नव्याने एक मारू."

"ते माझा वाढदिवस विसरतात," सासूबाई म्हणाल्या. "बेल नाही विसरायचे."

एवढ्यात पुढे एक ट्रक आडवा आला आणि थोरली मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. धाकटीने मागे पाहिलं. साहेब धावत होते. छत्री उजव्या हातात, टाय खांद्यावर, आणि एक बूट वाटेत कुठेतरी निसटलेला. मोठ्या पदाचा माणूस इतका मनापासून धावताना तिने कधी पाहिला नव्हता. साहेब आले. साहेबांनी हात लांब केला. साहेबांच्या बोटांनी पितळी दांडा धरला.

आता काय करायचं, ते धाकटीला नीट माहीत होतं. हात द्यायचा, वर ओढून घ्यायचं, माफी मागायची. पण आठवडाभर घोकलेलं वेळेला घसा फोडून बाहेर येतं. तिने हात आडवा केला, आणि ज्या आवाजाचा तिच्या माहेरच्यांनाही पत्ता नव्हता अशा खणखणीत आवाजात ती गरजली, "चालत्या गाडीत चढू नका! मागून गाडी येतेय, तिने या!"

साहेबांनी दांडा सोडला.

नवऱ्याने डोळे मिटले आणि दोरी एकदाच ओढली. चौथी बेल. गाडी करकचून थांबली. सासरे आगीचं लाल नळकांडं घेऊन केबिनमधून उतरले आणि धावत मागे आले. "कुठे आहे?"

सगळे साहेबांकडे बघत होते. साहेब रस्त्यात, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा, धापा टाकत उभे होते. धाकटीला ऐन दुपारी कटरचा आवाज ऐकू यायला लागला.

"कॉलेजात होतो," साहेब म्हणाले, "तेव्हा रोज. रोज याच गाडीमागे धावायचो. पहिला तास म्हणून काही असतो, हे मला परीक्षेत कळलं." त्यांनी श्वास घेतला. "मागून गाडी येतेय. एकदाही आली नाही हो कधी."

आणि ते हसायला लागले. असे हसले, की त्यांना थोरलीच्या अंगावर हात टेकून उभं राहावं लागलं. हात त्यांनी तिथून काढलाच नाही.

"हिला कोण तोडतंय बघतो मी," ते म्हणाले. मग फळीवर चढून त्यांनी धाकटीकडे टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं. "बाकी सगळं ठीक आहे. पण ही कंडक्टर कुठे मिळाली तुम्हाला? असे आता मिळत नाहीत."

"लग्न करून आणली, साहेब," नवरा म्हणाला.

"जपा."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेने तो आजवर फक्त कार्बोरेटरकडे बघत आला होता.

"ओरिजिनल आहे," तो म्हणाला.

धाकटीच्या अंगात दहा इंजिनांचं बळ आलं. आता तिला कुणाचीच भीती नव्हती. "साहेबांचा बूट मी आणते," ती त्याच नव्या आवाजात म्हणाली, कुणी नको म्हणायच्या आत फळीवरून उतरली आणि खऱ्याखुऱ्या कंडक्टरच्या डौलात मागे चालत गेली. बूट वाचनालयाच्या कोपऱ्याशी पालथा पडला होता. तिने तो उचलला, झटकला, वळली.

इकडे सासरे आग नाही याची खात्री करून केबिनमध्ये जाऊन बसले होते. आणि साहेब, एका मोज्यावर उभे राहून, वर दोरीकडे बघत होते.

"मी एकदा वाजवू का? लहानपणापासून मनात आहे."

साहेबांना नाही कोण म्हणणार? टिंग टिंग.

थोरली निघाली.

"अहो! थांबा!" धाकटी धावली, एका हातात बूट, दुसरा हात टोपीवर. नवरा दोरीकडे झेपावला, पण पुढे स्टॉप नसताना एक बेल मारायची नसते, हे त्याला ऐनवेळी आठवलं असावं. कारण त्याचा हात दोरीपाशी जाऊन तसाच हवेत राहिला. दांडा हातभर लांब राहिला, मग दोन हात.

तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. जन्मभर जे वाक्य त्यांनी रस्त्यात उभं राहून ऐकलं होतं, ते म्हणायची वेळ आज त्यांच्यावर आली होती. त्यांनी एका हाताने पितळी दांडा धरला, फळीवरून बाहेर झुकल्या आणि अगदी समाधानाने म्हणाल्या,

"मागून गाडी येतेय गं. तिने ये."

त्या जातीची दुसरी गाडी आता कुठेही उरलेली नाही, हे धाकटीइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? तिच्या पलंगाखाली त्या जातीच्या शेवटच्या एकीचा हेडलाइट पडून असे.

तरी तिने वळून मागे पाहिलं.