एकशे अठरा तुकड्यांचा धवला

पारूआत्याच्या एकाच गाण्याचे एकशे अठरा व्हिडिओ होते. मोबाइलवरचं ते नवं अ‍ॅप पंधरा सेकंद झाले की थांबायचं आणि आत्याचं गाणं अर्ध्या तासाचं. अशा वेळी लोक गाणं लहान करतात. आत्याने तुकडे वाढवले.

पनवेलच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत राहायची. ती धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाऊन लग्न लावून देणारी बाई. सुरू केलेला धवला मध्येच सोडायचा नाही, असं ती मानायची, आणि हा नियम तिने सगळ्या जगाला लावला होता. कोणी अर्धा चहा ठेवला, कोणी मालिका संपायच्या आधी टीव्ही बंद केला, की म्हणायची, "अर्ध्या हळदीत उठतंस काय रं?" माझे वडील न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. त्यांचा पाय मोडला तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडायला निघालो होतो. तेव्हाही ती एवढंच म्हणाली आणि वर्षभर आमच्या घरी कालवण पोहोचवत राहिली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्यात त्या कालवणाचा वाटा मोठा आहे.

त्यामुळे धवला रेकॉर्ड करायला तिने फोन माझ्या हातात दिला तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

कारण तिने सरळ सांगितलं. तिच्याच मुलीच्या, वंदनाताईच्या हळदीत धवला मध्येच बंद पाडून डीजे लावला होता. सासरच्यांना नाचायचं होतं. "वंदीचा धवला माझ्यावर राह्यलाय," आत्या म्हणाली. "तिच्या बिल्डिंगमदी गायला बसलं तर वॉचमन वर येतो. पन ती दिवसभर त्या मोबाइलमदी असते. तर आपन तितंच गाऊ."

शूटिंग म्हणजे परीक्षाच होती. मी बटण पुन्हा दाबेपर्यंत दोन शब्द निसटायचे आणि आत्या सगळं पहिल्यापासून घ्यायला लावायची. तीन रविवार असेच गेले. शेवटी ठरलं, की पंधरा सेकंद झाले की मी तिचा गुडघा दाबायचा आणि दुसरा तुकडा सुरू होईपर्यंत तिने सूर लांबवायचा.

पहिल्या तुकड्यात माझं बोट कॅमेऱ्यावर आलं. "बोट काढ, मेल्या, नवरी घाबरंल," असं म्हणून ती लगेच गायला लागली. तेवढाच तुकडा दोन लाख लोकांनी पाहिला. कोणी त्यावर नाचलं, कोणी म्हशीला ते वाक्य म्हणायला लावलं. दुसरा तुकडा पाहिला चाळीस जणांनी.

"दोन लाख मानसं आली," आत्या म्हणाली, "नि नवरी पाटावर बसायच्या आधी उठून गेली. जेवन नव्हतं काय?"

खाली मोबाइलचं दुकान चालवणाऱ्या सलीमभाईंनी समजावलं, "आत्या, पब्लिकला सबर नाही. अशा शिव्याच टाका रोज. फेमस व्हाल."

"तुमच्यात निकाह अर्धा सोडतात काय रं, सलीम?"

"तौबा, आत्या."

"मंग?"

ती शेवटपर्यंत गायली. पन्नासाव्याच्या पुढे प्रत्येक तुकड्यासमोर दोनचाच आकडा होता. एक ती, एक मी. आठवडाभर ती रोज विचारायची, "तिसरं कोन आलं?" आणि मी नाही म्हणायचो.

पुढच्या रविवारी दुपारी पाहिलं, तर त्रेपन्नाव्या तुकड्यापुढे तीन होते. चोपन्नाव्यापुढेही तीन. बावन्नाव्यापर्यंत काहीच हललं नव्हतं.

"हे कोणीतरी मधूनच सुरू केलंय," मी म्हणालो.

आत्याने माझ्या हातातला फोन स्वतःकडे वळवला. "त्यात मामा हळद लावायला येतो," ती म्हणाली. "तितंच बंद पाडलेला."

मी वंदनाताईला फोन लावायला निघालो. तिने माझा हात धरला. "नको. लाजंल ती. आयकू दे."

मग ती पदर खांद्यावर घेऊन मांडवात बसावं तशी ताठ बसली. मी थोड्या थोड्या वेळाने आकडे पाहून सांगत होतो. सत्तर. एक्याऐंशी. मध्ये बराच वेळ आकडा अडला. आत्या म्हणाली, "पोर रडत असंल. नायतर तिच्या लेकाला झोपवत असंल." पुन्हा पुढे सरकला.

एकशे अठराव्यापुढे तीन आले तेव्हाच ती उठली. "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. स्टोव्ह पेटल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.