शब्बीरच्या गाडीचा तिसरा ब्रेक

सन दोन हजार तीनच्या जानेवारीत भोरच्या शब्बीर मुलाणी यांनी आपल्या डिझेल पिकअपला एक्झॉस्ट ब्रेक बसवला. शासनाला त्रास द्यावा असा त्यांचा कोणताही हेतू नव्हता. जिवंत राहावं, एवढीच माफक इच्छा होती.

शब्बीर आठवड्यातून तीनदा भोरची भाजी वरंध घाटातून महाडला न्यायचा. दिवाळीआधी कोबी भरून उतरताना ब्रेक तापले, धूर निघाला आणि पाय थेट खालच्या पत्र्याला टेकला. गाडी डोंगराला घासली म्हणून थांबली. घरी त्याच्या बायकोनं, इमामबीनं, सगळं ऐकून घेतलं आणि ताट पुढ्यात सरकवत निकाल दिला, "आधी ब्रेकचं काय ते बघा. तवर घाटात जायाचं न्हाई. मला कोबी नगं, तुमी पायजेल."

मग कामथडीच्या एहसान मिस्त्रीनं पुण्याच्या जुन्या बाजारातून हा ब्रेक शोधून आणला. सायलेन्सरच्या पाईपात एक झडप. बटण दाबलं की झडप मिटते, धुराची वाट अडते, इंजिन गुदमरतं आणि चाकांना धरून ठेवतं.

"पर एक ध्यानात ठेव," मिस्त्री म्हणाला, "इंजान चालू पायजे आन् गाडी गेरात पायजे. उताराला बंद करून सोडलीस, तर ह्ये लोखंड काय कामाचं न्हाई."

उतार लागला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडायची, हे आपल्याकडचं पिढीजात शास्त्र. जो डिझेल वाचवतो तो हुशार ड्रायव्हर. स्वतः वाचला तर आणखी हुशार. शब्बीरनं छाती करून ती विद्या सोडली. पहिल्याच खेपेला गाडी घाटातून इतक्या शहाण्यासारखी उतरली, की बिचाऱ्याला रडूच यायचं बाकी होतं.

महिनाअखेरीस भोरला वाहन तपासणीचं शिबिर लागलं. पासिंग झालं नाही तर गाडी दारात उभी. सावळाराम एजंटानं कानात सांगितलं, "त्यो पाईप दावू नगंस." शब्बीरनं नेमका तोच आधी दाखवला. आनंद माणसाला असा नडतो.

तपासणीला आलेल्या आरटीओ साहेबांनी चष्मा लावला. "कागदावर ब्रेक दोन. पायाचा आणि हाताचा. हा तिसरा कुठून आला?"

"कामथडीवरनं, सायेब."

"कशासाठी?"

"गाडी थांबावी म्हनून."

"म्हणजे ती थांबत नव्हती?"

"घाटात न्हवती थांबत."

"गेल्या वर्षी माझ्याच सहीनं ही गाडी पास झाली आहे. म्हणजे ती थांबत होती. थांबणाऱ्या गाडीला आणखी थांबवायची गरज काय, ते लेखी द्या. सोबत उतार असल्याचा दाखला जोडा."

शब्बीर रस्त्यांच्या कचेरीत गेला. तिथल्या क्लार्कनं दप्तर काढलं आणि खेदानं मान हलवली. घाटरस्त्याचं सपाटीकरण मागच्याच वर्षी पूर्ण झालं होतं, बिलासकट. तेव्हा 'सदर रस्ता सपाट आहे' असा दाखला गोल शिक्क्यानिशी मिळाला.

"घ्या!" साहेब म्हणाले. "सपाट रस्त्याला तीन-तीन ब्रेक!"

"सायेब, पाया पडतो, येकदा बसून तर बघा!"

साहेब न्यायप्रिय होते. प्रात्यक्षिकाशिवाय नामंजुरी देता येत नव्हती, म्हणून ते बसले. घाटमाथ्यावर आल्यावर त्यांनी खिशातून परिपत्रक काढलं. इंधन बचत पंधरवडा चालू होता.

"उतारावर शासकीय कामात डिझेल जाळता येणार नाही. इंजिन बंद करा."

"आवं, बंद केलं तर ब्रेक लागायचा न्हाई!"

"म्हणजे तो डिझेल खाणारा ब्रेक आहे. तशी नोंद घेतो. करा बंद."

शब्बीरनं मनात अल्लाचं नाव घेतलं आणि किल्ली फिरवली. गाडी शांतपणे निघाली. वारा छान होता, साहेबांनी केसांवरून हातही फिरवला. पहिल्या वळणाला पायाचा ब्रेक दगडासारखा कडक झाला. दुसऱ्या वळणाला जळका वास आला. तिसऱ्याला साहेबांच्या हातचं परिपत्रक खिडकीतून दरीत गेलं आणि त्याच्या मागोमाग जायची वेळ साहेबांवर आली.

"मुलाणी! अहो, लावा!"

"काय लावू, सायेब?"

"तिसरा लावा, चौथा लावा, असेल तो लावा!"

"परवानगी?"

"दिली! दिली!"

शब्बीरनं किल्ली फिरवली, गाडी गेरात टाकली, क्लच सोडला. इंजिन दचकून जागं झालं. बटण दाबताच पाईपातून मोठा सुस्कारा आला आणि गाडी हळू होत होत कठड्यापासून हातभर अलीकडे उभी राहिली.

साहेबांनी बाटलीभर पाणी संपवलं. मग पेन काढलं. "ब्रेक उत्तम आहे. मंजूर मात्र करता येत नाही. प्रात्यक्षिकात इंधन जळालं."

आता शब्बीरचा संयम सुटला. "सायेब, तुमी जित्तं हायसा ते त्याच्यामुळं! आन् मी काढून टाकू? काय सांगू घरी?"

साहेब विरघळले. शेवटी तेही बायकामुलांचे धनी. त्यांनी फॉर्म दोनदा उलटला आणि त्यांचा चेहरा उजळला. "सजावट! या रकान्याला मर्यादा नाही. आरसे, रिबिनी, फुलं, काहीही लावा. असं करा, या पाईपाला एक लाल गोंडा बांधा."

त्याच संध्याकाळी 'सायलेन्सरला शोभेची झडप, गोंड्यासह' अशी नोंद होऊन गाडी पास झाली. इमामबीनं गोंड्याला स्वतः गाठ मारली आणि शब्बीरला घाटात जायची परवानगी दिली.

घाटातली बातमी भाजीच्याही आधी महाडला पोचली. भाजीबरोबर बसून महाडला जाणारी माणसं स्टँडवर विचारू लागली, "गोंड्याची गाडी हाय का?" मग काय! पुढच्या शिबिराला एकोणीस पिकअप आल्या आणि एकोणीस पाईपांना गोंडे. सावळारामनं गोंड्यांचं दुकानच मांडलं होतं. आत झडप एकाही गाडीत नव्हती. झडप महाग, गोंडा स्वस्त. साहेबांनी सगळ्या पास केल्या आणि सुरक्षिततेबद्दलच्या जागृतीविषयी दोन शब्दही बोलले.

परवा शब्बीर घाट उतरत होता. इंजिन गुरगुरत होतं, गाडी पायरी पायरीनं उतरावी तशी चालली होती. शेजारी हिर्डोशीच्या ठकुबाई बसल्या होत्या, लेकीकडं महाडला निघालेल्या. मागून न्यूट्रलवर सोडलेली एक पिकअप गोंडा उडवत सुसाट पुढे गेली.

"आरं शब्बीर, आपलंच इंजान कशापायी वरडतंय?" ठकुबाई म्हणाल्या. "बंद कर की. गोंडा हाय न्हवं?"

"मावशी, गोंड्यानं गाडी थांबत न्हाई वो! आत झडप हाय, तिला इंजान चालू लागतं!"

ठकुबाईंना काही ते पटलं नाही. त्यांच्या पलीकडं, खिडकीला, वाचकहो, आपण बसला होतात. आपल्याला घाई होती. "मावशी बरोबर बोलतात," असं आपणच घड्याळ बघत म्हणालात. शब्बीरनं फक्त बटण दाबलं.

पुढच्या खेपेला आपण मुद्दाम दुसऱ्या गोंड्याची गाडी धरलीत. ती अर्धा तास लवकर पोचते म्हणे. कुठं, ते तेवढं विचारायचं राहिलं.