पहिलं स्पष्ट की दुसरं?

माझे कान तिखट आहेत. हे मी नम्रपणे सांगत नाहीये; नम्रपणा गेला खड्ड्यात. शेजारच्या घरातला नळ गळत असला तर मला इथे झोप लागत नाही. त्यामुळे मोठ्या स्पीकरांचं नवीन हाय-फाय घरी आलं तेव्हा त्यासाठी गाण्यांची स्ट्रीमिंग सर्व्हिस मीच निवडणार, हे उघड होतं. तीन सर्व्हिस घ्यायच्या, तिन्ही फुकट चाचणीवर. एक ठेवायची, दोन हाकलायच्या. एका संध्याकाळचं काम.

"घ्या हो कुठलीही," बायको म्हणाली. "सगळ्या सारख्याच वाजतात."

हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलतो आणि विचारतो, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" आणि माणसं खुशाल सांगतात, "सारखंच दिसतंय." अरे बाबा, सारखं कसं दिसेल? त्याहून वाईट ते थापाडे. त्यांच्यासाठी मी मुद्दाम मध्ये बिननंबरची साधी काच घालतो, तर म्हणतात, "अहाहा, आता कसं लख्ख!" अशांचे किस्से मी घरी जेवताना तिखटमीठ लावून सांगतो.

तर सारखं काही नसतं. पण नीट ऐकायचं तर नीट मांडायलाही हवं. हाय-फायच्या पुस्तिकेत लिहिलंय की दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याची खुर्ची यांचा त्रिकोण झाला पाहिजे आणि त्या त्रिकोणात काहीही असता कामा नये. आमच्या त्रिकोणात बायकोचं कापड बेतायचं टेबल होतं. ती हॉटेलांचे, दवाखान्यांचे गणवेश शिवते. मी टेबल बेडरूममध्ये ढकललं. तिथे ते पलंग आणि कपाटामध्ये असं अडकलं की भोवती फिरायला जागाच उरली नाही. तेव्हापासून ती जमिनीवर बसून कापते.

"माझी कंबर गेलीय," ती म्हणत होती. "वेटरांचे कोट शनिवारी द्यायचेत. नाही दिले तर ते हॉटेल पुन्हा दारात उभं करणार नाही मला. त्यात आतला सॉकेट जळलाय, म्हणून मी इथल्या..."

मी ट्रेबलची सेटिंग लावत होतो. "हं," म्हणालो.

"ऐकताय ना?"

"हं."

मग ती जी भडकली! कात्री आपटली, टेप आपटली, आणि म्हणाली, "तुम्हाला एवढा फरक कळतो ना? मग डोळे बांधून ओळखून दाखवा. ओळखलंत तर मी मरेपर्यंत जमिनीवर बसून कापीन. नाही ओळखलंत तर टेबल आजच्या आज बाहेर आणि तुमची ही दोन खोकी आत."

"कबूल!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. कानांवर शंका घेतलेली मला खपत नाही.

फोन चालवायला तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करतो. माणूस भला, पण तोंडाला कुलूप नाही. म्हणून मी आधीच बजावलं, "हा माझा फोन. एकच गाणं, तीन सर्व्हिसवर, एकापाठोपाठ एक. आणि मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. आग लागली तरी नाही. नुसता हूं जरी केलास तरी चाचणी बाद!"

"पण भावजी, समजा काही..."

"एक शब्द नाही!"

बायकोने अस्तराची पट्टी माझ्या डोळ्यांवर करकचून बांधली आणि म्हणाली, "तुमचं चालू द्या, मी माझं काम करते." मी खुर्चीत ताठ बसलो.

पहिलं गाणं लागलं. एक बाई गातेय, साथीला व्हायोलिन. "डब्यात तोंड घालून गातेय," मी म्हणालो. "पुढे."

दुसरं लागलं. "आवाज आहे, जीव नाही. मेणाची बाहुली. पुढे!"

मग बराच वेळ काहीच होईना. मेहुण्याचे पाय इकडून तिकडे गेल्याचं ऐकू आलं. त्याने घसा खाकरला. "शब्द नाही!" मी ओरडलो. तो गप्प झाला आणि थोड्या वेळाने तिसरं गाणं लागलं.

काय सांगू तुम्हाला! प्रत्येक ओळीआधी बाई श्वास घेतेय तोसुद्धा ऐकू येत होता. फुस्स... आणि मग सूर. आणि व्हायोलिन तर थेट डावीकडून, जणू खिडकीपाशी उभं राहून कोणीतरी वाजवतंय.

"हीच!" मी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात दर्जा. बाईच्या छातीतला श्वास ऐका. डावीकडचं व्हायोलिन ऐका. आणि म्हणे सगळं सारखंच वाजतं."

तेवढ्यात गाणं थांबलं आणि त्याच दर्जेदार स्पीकरमधून एक माणूस उत्साहाने म्हणाला, "घरात झुरळं झालीयत?"

मी पट्टी ओढून काढली. "हे काय आहे?"

मेहुणा बोटाने स्वतःच्या ओठांकडे खुणा करत होता.

"बोल की रे आता!"

"तुमच्या तिसऱ्या सर्व्हिसने बाहेर काढलं, भावजी. पासवर्ड मागत होती. तेच सांगत होतो, तर तुम्ही अंगावर आलात. मग मी माझ्या फोनवरची लावली. फुकटवाली. तिच्यात जाहिराती येतात."

माझं डोकं फिरलं. "फुकटवालीत इतका स्वच्छ श्वास ऐकू येतो?"

बेडरूमच्या दारातून आवाज आला, "फुस्स." बायको वाफेच्या इस्त्रीने कोटाची कॉलर दाबत होती. तिने माझ्याकडे बघून पुन्हा एकदा बटण दाबलं. फुस्स.

"बरं, श्वास सोडा!" मी हट्टाला पेटलो होतो. "व्हायोलिन डावीकडून येत होतं की नाही? ते तरी खरं ना?"

बायकोने इस्त्री उभी ठेवली. ती डाव्या स्पीकरमागे वाकली, वाकताना कंबर धरली, आणि जमिनीवर पडलेली एक पिन उचलून माझ्यासमोर धरली. स्पीकरची पिन. सॉकेटमध्ये होती बायकोच्या एक्स्टेंशनची लांब वायर, थेट बेडरूममध्ये गेलेली.

"हा स्पीकर सोमवारपासून बंद आहे," ती म्हणाली.

"साधी काच, भावजी," मेहुणा हळूच म्हणाला.

"बंद? आणि मला सांगितलं नाहीस?"

आता मात्र तिचा आवाज फाटला. "सांगितलं नाही? अहो, रोज सांगतेय! आतला सॉकेट जळलाय, इथली पिन काढून मशीन लावतेय. तुम्ही म्हणालात, हं. कंबर दुखतेय म्हटलं, तेव्हा हं. इस्त्रीत बाई श्वास घेतेय ते तुम्हाला ऐकू येतं, आणि घरातली बाई ओरडतेय ते नाही? जळोत तुमचे ते कान!"

मेहुण्याने एकदम आपल्या पायांच्या अंगठ्यांचा अभ्यास सुरू केला. मला खूप चिडायचं होतं, पण कोणावर चिडावं तेच सुचेना. मी टेबलाचं एक टोक धरलं, मेहुण्याने दुसरं, आणि आम्ही ते बाहेर आणलं.

कोट शनिवारी वेळेवर गेले. आता हॉल तिचा. टेबलावर स्टीलच्या वाटीत फोन उभा करून ती भावाची ती फुकटवाली सर्व्हिस लावते, झुरळांसकट. आतला सॉकेट मेहुण्याने बदलून दिला, त्यामुळे मी आत पलंगावर बसून हाय-फाय ऐकतो. सर्व्हिस अजून निवडलेली नाही. खरं सांगायचं तर तिन्ही... जाऊ दे, हे आपल्यातच ठेवा.

कालच ऐन गाण्यात बाहेरून तिची हाक आल्यासारखं वाटलं. मी हाय-फाय बंद केलं, अनवाणी धावत हॉलमध्ये गेलो आणि विचारलं, "काय म्हणालीस?"

ती काहीच म्हणाली नव्हती. इस्त्री होती.